एका पायाची चप्पल

—आता हे खोटं वाटायलंय तुला, हाय ना? वाटू दे की! मी तर म्हणते, मी बोलते त्यातलं एक अक्षर खरं मानून दाखव, न्हाई मानायचीस. सगळ्या नेकनूरला विचार जा, दानम्मा किती खरं बोलती? म्हणतील, म्हातारी श्वास घेती तेवढाच खरा, बाकी समद्या थापा. मागल्या साली सरपंचाच्या बायकूला सांगितलं, हिरव्या बांगड्या घालणाऱ्या बायांना बीडात फुकट गॅस भेटायलाय — दुसऱ्या दिवशी आख्खी गल्ली हिरवी! हासलीस. हासलीस बघ, दात दिसला. पण ह्या उदगीरच्या गाडीचं मात्र खरं सांगते — आज ती येत नस्ती. मांजरसुंब्याला टायर फुटून पडलीय. कुणी सांगितलं म्हणजे? सगळ्यांनी सांगितलं. त्या च्यावाल्याला विचार — नको, त्याला नको विचारू, बहिरा हाय त्यो. बस. उन्हात कावून उभी राहतीस, चैताचं ऊन हाय. चपला काढ आन पाय वर घिऊन बस बाकड्यावर, खाली लाल मुंग्या हायत. अश्शी.

पिशवी मांडीवर कावून धरलीस गं, मी का पळवणार हाय? काय हाय एवढं तिच्यात — दोन साड्या आन कुंकवाची डबी. न बघता सांगते मी. चार दिसांसाठी जाणाऱ्या पोरीची पिशवी फुगलेली अस्ती — भावाच्या लेकराला झबलं अस्तंय, खाऊचा पुडा अस्तोय, सासूनं दिलेलं काय काय अस्तंय. आन एक पिशवी अस्ती अशी, चपटी — न्हाई बाई, मी काय म्हणले? काय न्हाई म्हणले. बाप आजारी हाय म्हणतीस, आसंल. खबर कशी आली पण? फोनवर? बरं. गावात एसटीडीचा डब्बा एकच, त्यो तुझ्या नवऱ्याचा, आन तुझा सासरा राजेश्वरअप्पा दिवसभर त्याच्या दाराला खुर्ची टाकून लोकांचे फोन ऐकत बसतोय. मग बापाच्या दुखण्याचा फोन तुला कळला आन सासऱ्याला कळला न्हाई, हे कसं झालं गं, वर्षाराणी?

हा, नाव मालूम हाय मला. भालकीची वर्षाराणी, केदारनाथची बायकू, लग्नाला चार म्हैने झाले, स्वयंपाकात मीठ जास्त पडतंय, झोपेत कानडी बोलती. आता ही दानम्माच सांगायली म्हणल्यावर खोटं धर. मी तुमच्याच गोदामाच्या मागल्या खोलीत राहते की! तू बघितलंस न्हाई मला? कसं बघशील, तुला मान वर करू देत्यात कुठं. माझा मालक शिवलिंगप्पा अप्पाच्याच दुकानात तराजू धरायचा, त्यो गेल्यावर ती खोली मला राहू दिली, त्यांच्याच घरची दोन वेळची भाकरी. उपकार हायत बाई. लई उपकार हायत.

आन मी बी तुझ्याच मुलखाची हाय. भालकीच्या अलीकडं तीन कोस आमचं गाव. तेरा वर्साची होते, तवा निजामाचं राज — भालकीवरनं आगगाडीनं परळी, आन परळीवरनं बैलगाडीत दोन दिस. आगगाडीत मला वाटलं झाडंच पळायलीत, आपुन जाग्यावरच हाव; परळीला उतरले तवा कळलं, झाडं घरी गेली आन आपुन हितं. शाळेत मास्तर उर्दू शिकवायचा, घरात कानडी, हितं आल्यावर मराठी — तिन्ही अर्ध्या अर्ध्या राहिल्या. न्हाई, आता कानडी येत न्हाई मला. विसरले. समदी विसरले, एक शब्द राहिलाय तेवढा. न्हाई सांगत जा! तू आधी मला सांग, त्यो हात असा पदरात का घेतलास?

बांगडी फुटली? एका हातातल्याच बऱ्या फुटल्या समद्या. आन ते निळं काय हाय मनगटाला — बांगडी फुटून निळं होतंय का? दार लागलं. आसंल. आमच्या गल्लीतली दारं लई बेइमान हायत, बायांनाच लागत्यात. बरं बरं, झाक. नको दाखवू. गळ्यातलं लिंग मुठीत धरून बसलीस मघापसनं, बोटं पांढरी पडली बघ. सोड. ते काय पळून चाललंय?

तुला गोष्ट सांगते, गाडी न्हाईच तर वेळ जाईल. मी बी अशीच पळून — म्हणजे, तुझ्यासारखी न्हाई, तू काय पळायलीस, तुझा बाप आजारी हाय — मी पळून आलते ह्याच जाग्यावर. स्टँड न्हवता तवा, नुसतं लिंबाचं झाड. सकाळपसनं दुपारपस्तोर बसले. कुठली गाडी, कुठलं काय! दिसभरात एक मोटार यायची ती बी आली न्हाई. मग घरी गेले गुमान. आन काय सांगू, एक दिवस चुलीम्होरं बसलते, मांजरीनं दुधात तोंड घातलं आन माझ्या तोंडातनं शिवी आली — मराठीत! आईबापाची भाषा न्हाई, हितली. मांजर बघायली माझ्याकडं, मी बघायले मांजरीकडं. तवा मला कळलं, दानम्मा, आता तू हितली झालीस, आता हेच घर. तसं तुझं बी होईल. साल जाऊ दे, दोन साल जाऊ दे. एक लेकरू झालं की नवरा निवतोय. सासू काय, ताराबाई तोंडानं फाटकी हाय पण मनात काय न्हाई तिच्या. आन हे बघ, हे फोटूचं कार्ड — मतदानाला करून दिलंय सगळ्यांना — कमरंलाच अस्तंय माझ्या. वाच. काय लिहिलंय? दानम्मा शिवलिंगप्पा, राहणार नेकनूर. सरकारनं लिहून दिलंय. फोटूत माकडीण दिसते ते सोड. पण गाव बघ की! अशीच तू बी—

काय हुडकायलीस खाली? चप्पल? एकच हाय? अगं, कुत्रं नेलं असंल. हितलं एक काळं कुत्रं लई बदमाश हाय, डाव्या पायाचीच नेतंय. आता कशी जाशील? अनवाणी? माहेराच्या दारात पोर अनवाणी उतरली की गल्ली काय म्हणती, मालूम हाय ना. पायात चप्पल, कपाळाला कुंकू, म्हणजे पोर सणाला आली. अनवाणी आली म्हणजे पळून आली. तुझा बाप मास्तर माणूस, पाठच्या दोघी बहिणी लग्नाच्या हायत म्हणायलते — इज्जत हाय का न्हाई? त्यापक्षी घरी जा, दुसरा जोड घाल, उद्याच्या गाडीनं जा ऐटीत. मी सोताहून ताराबाईला सांगते. आन नसंल जायचं तर बस हितंच, केदारनाथ बीडावरनं निघालाय, त्यो येस्तोर—

न्हाई. उठू नको. ऐक, ऐक, काय म्हणले मी? चुकून निघालं तोंडातनं. ये, बस. सोड, माझा पदर कावून वढायलीस — अगं म्हातारी पडंल!

बरं. हो. मला ताराबाईनंच पाठवलंय. आता डोळे कावून एवढे मोठे केलेस, तुला काय वाटलं, म्हातारी उन्हात थापा मारायला आली? दीड वाजता कळलं तू न्हाईस. अप्पानं सोताच्याच एसटीडीवरनं बीडला फोन लावला, लेकाला सांगितलं मोटारसायकल काढ. आन ताराबाई माझ्या खोलीम्होरं आली, म्हणली, दानम्मा, तुझ्या भाषंची हाय, बसवून ठिव त्यो येस्तोर. हेच काम हाय माझं. पळालेल्या सुना बसवून ठिवायच्या. कुणाचीबी सून पळाली की म्हणत्यात, म्हातारीला लावून द्या, हासवती-बिसवती, पोर इसरून जाती, गाडी निघून जाती. सात पोरी परत लावल्या मी ह्या बाकड्यावरनं. मांजरीची गोष्ट सातींनाबी सांगितली. मांजर-बिंजर काय न्हवतं गं. मी पाळलीच न्हाई कधी.

आन चप्पल ही बघ — माझ्या मांडीखाली. मीच वढली, तू हासलीस न्हवं का मघा, तवा. हासताना माणसाचं पायाकडं ध्यान नस्तंय. मस्करीच अस्ती ती, दुसरं काय? गाडी येती, पोरगी बाकड्याखाली हुडकती, एका पायावर नाचती, मी खो खो हासते, कंडक्टर घंटी मारतोय, गाडी जाती. मग चप्पल काढून देते आन म्हणते, घे गं बाई, कुत्र्यानं परत आणली. मग ती रडत रडत हासती. मग मी तिला घरी सोडते, मग सासू मला वाटीभर दूध देती. न्हाई, देते तुला. जरा थांब. देते म्हणले ना. एक सांगायचं राहिलंय.

तुमच्या घराच्या मागच्या अंगणात आड हाय. हाय ना? त्यावर लोखंडाचं झाकण हाय, कुलूप लावलेलं. तू विचारलं असशील, पाण्याच्या आडाला कुलूप कावून? ताराबाई काय म्हणली — लेकरं पडतील म्हणून? घरात लेकरू कुठाय!

अप्पाच्या धाकट्या भावाची बायकू होती, शशिकला. बसवकल्याणची. तिच्यासारखी हासणारी पोर मी बघितली न्हाई. माझी एकबी थाप तिला पचायची न्हाई, उलट तीच मला थापा मारायची. एकदा म्हणली, आजी, तुझ्या पाठीवर पाल हाय — मी गल्लीभर नाचले, पाल कुठली! कानडी बोलायची माझ्यासंग. मी जबाब मराठीत द्यायचे, का तर लोक ऐकतील. तिला एक दिवस काय झालं ते मी सांगणार न्हाई. तुझ्या मनगटाला झालंय तेच, पण पाठीला. ती हितं आली. अशीच पिशवी. अशीच बसली, तू बसलीस तिथंच, त्या खिळ्याजवळ. त्यांनी मला पाठवलं. मी आले, हासवलं तिला — लई हासली गं ती, एवढं अंगावर वळ असताना — आन चप्पल वढली. गाडी आली. तिनं हुडकलं, हुडकलं. तिला मालूम होतं माझ्याकडंच हाय. माझ्याकडं बघून म्हणली, आजी, दे की. मी म्हणले, माझ्याकडं कुठाय? आईची आण. मेलेल्या आईची आण घेतली मी. कंडक्टर म्हणला, बाई, येतीस का न्हाई? ती एक पाय वर ठिवून उभी दारात. मग खाली उतरली. म्हणली, अनवाणी कशी जाऊ. घरी दुसरा जोड हाय, घालून येते, पाचच्या गाडीनं जाईन.

चप्पल घालायला गेली गं ती घरी.

मी ह्या बाकड्यावर बसूनच राहिले. पाचची गाडी आली. गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी बोंब झाली, पाय घसरून पडली आडात. मी गेलते बघायला. आडाच्या काठाला नवा जोड होता, चपलांचा. जोडीनं ठिवलेला, नीट, टाचा आडाकडं. पाय घसरणारं माणूस आधी चपला काढून ठिवतंय का? पोलिसानं बघितलं, त्यालाबी च्या पाजला. मला विचारलं, म्हातारे, तू कायतरी बघितलंस? मी म्हणले, माझी नजर कमी हाय साहेब.

आपल्यात मेल्या माणसाला जाळत न्हाईत, बसवून पुरत्यात, तुला मालूम हाय. तिला बी बसवलं. स्वामी आले, हातात लिंग दिलं, विभूती लावली, आन खड्ड्यात मीठ टाकायला दुकानातनं पोतं आणलं — पोतं मीच उसवलं. ती मान वर होईना. बसवली की मान खाली, बसवली की मान खाली, जशी बाकड्याखाली हुडकायलीय. मला हासू आलं गं. खरंच सांगते, मेल्या माणसाम्होरं हासू आलं मला, आन लोक म्हणले, दानम्माचं बघा, दुःखानं डोकं फिरलं.

तिची एक चप्पल अजून माझ्याकडं हाय. ट्रंकंत. निळी, रबरी. द्यायची कुणाला?

आन ऐक, सगळ्यात वंगाळ हे न्हाई. सगळ्यात वंगाळ हे की — मी आले तवापसनं, लग्नापसनं, गाव मला कानडीण म्हणायचं. ए कानडीणी, कानडीण आली, कानडीणीच्या हातचं नको. तीन लेकरं झाली, तीन गेली, तरी कानडीणच. मालक मेला, तिरडी न्हाई बांधली, बसवून न्हेला, म्हणले कानडीणीचा नवरा गेला. मग पयली पोर परत लावली — सटवा न्हाव्याची सून होती — तवा बायांनी मला वट्यावर बसवून च्या पाजला. दुसरी लावली, तिसरी लावली. मग मला लोक आजी म्हणायले. आमची दानम्माआजी. शशिकलाच्या मातीवरनं आलो, ताराबाई म्हणली, आजी, तू आपल्याच घरची. पन्नास वर्सं मी ते ऐकायला थांबले होते. आन ऐकलं, आन मला बरं वाटलं. शशिकलाची माती वली होती अजून, आन मला बरं वाटलं. असं सापडलं मला घर. हे त्या कार्डावर लिहीत न्हाईत.

तू म्हणशील, मग कावून गेली न्हाईस माघारी? गेलते की. एकदाच. भावाच्या लग्नाला. थोरल्या भावजयीनं घोंगडी टाकली माझ्यासाठी आन तांब्या आणला — कोणता मालूम हाय? पाव्हण्याचा. ज्या पितळी तांब्याला आमी बहिणींनी हात लावला की आई मारायची. मी पाणी प्याले, घोंगडीवर बसले. पाव्हणीच की. आन त्यो शब्द — तुला सांगते, आता काय राहिलंय. हितं कसं, जाते म्हणायचं न्हाई, येते म्हणायचं. आपल्यात बी तसंच — होगि बा, जाऊन ये. शत्रूलाबी म्हणत्यात. लग्न होऊन निघाले तवा माझ्या आईनं बैलगाडीच्या कडंला हात लावला आन म्हणली, होगव्वा. नुसतं जा. ये म्हणलीच न्हाई. पाच पोरी होत्या तिला, एक परत आली असती तर बाकीच्या चौघी बसल्या असत्या. बैल चालायले, मी मागं बघत बसले, आता म्हणंल, आता म्हणंल. तेच बघते अजून. हितं रोज का येते मी, तुला काय वाटलं, पोरी पकडायला? उदगीरच्या गाडीची पाटी बघायला येते. वाचता येत न्हाई नीट, पण तेवढी येती.

ती बघ. धूळ दिसायली. हो, तीच. रद्द-बिद्द काय न्हाई, येळंवर हाय.

घे चप्पल. घाल, घाल पायात — दोन्ही पायांत, पट्टा नीट लाव. पिशवी घे. अगं, माझं काय? माझं काय करतील? विचारतील, कुठाय ती, म्हणीन, कुत्रं चावायला आलं म्हणून पळाली. कोण मानंल! आजच्या आज खोलीला कुलूप पडंल, सकाळी गल्ली म्हणंल कानडीणीनं दगा दिला. म्हणू दे. त्या नावाची सवय हाय मला. तुझा बाप दारातनं माघारी लावील? लावील, लावणार न्हाई, मला काय मालूम. माझ्या बापानं लावली असती. घोंगडी टाकली तर बसू नको. सोता उठून घरातल्या पेल्यानं पाणी घे, माठात हात घालून. पाया कावून पडायलीस, माझ्या? येडी का खुळी! मीच वढली होती चप्पल. उठ. हात कर, हात कर त्या गाडीला, न्हाईतर हुकंल. मागं मोटारसायकल वाजायली — बघू नको मागं. त्याला मी बघते. रस्त्यात आडवी पडीन, म्हणीन, माझ्या पाठीवर पाल हाय.

काय? मी काय म्हणू? ये म्हणू?

न्हाई म्हणणार.

होगव्वा. होगव्वा आता.